मेलेल्या माशाचं चित्र

आम्ही गोदीत पोटासाठी ओझी उचलतो. जहरी औषधाचे ड्रम येतात, त्यांवर कोनावर उभी चौकट असते. आत वाळकं झाड आणि मेलेला मासा. पाण्यातल्या जिवाला घातक माल जहाजात भरायचा तर ड्रमावर हे चित्र पायजे, असा जगभरचा नियम आहे. अक्षरशत्रू हमालालाही कळतं, हे पाण्यात सांडायचं नाही.

तसलंच औषध छोट्या बाटलीतून झाईच्या, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत येतं. वाटेत मासा गायब! बाटलीवर उरतो रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अति जहाल, हिरवा म्हणजे त्या मानानं सौम्य. हा रंग ठरतो कशावर? उंदरासारखं जनावर किती डोसानं मरतं, त्यावर. माशाला त्या हिशेबात जागाच नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माणसाला त्या मानानं कमी बाधतात, पण मासा-कोळंबीला जराशीही पुरते. आधी पाण्यातले किडे आणि कोळंबी जातात. त्यांच्यावर जगणारा मासा वाचलाच तर उपाशी राहतो. जहर गाळाला चिकटतं, आणि गाळात खेकड्याचं घर.

आता सांगा, पंप कुणाच्या पाठीवर? वारली मजुराच्या. वाडीवर धुण्याची सोय नसली की तो पंप कुठं धुणार? ओहोळात. ओहोळ खाडीला मिळतो, खाडी दर्याला. वर वारल्याच्या पोराचं कालवण जातं, खाली मच्छीमाराचं. आणि बोट कुणाकडं? मजुराकडंच! साला, हा कुठला न्याय?

रिकामे डबे आणि पंपाचं धुणं यांनी पाणी नासू नये, असं 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात. नियम कागदावर, ओहोळ जहरात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले, तेव्हा कुठं चौकशी बसली. मेलेल्या ओहोळाचा पंचनामा कोण करणार?

1927 साली महाडला आपल्या माणसांनी पाण्यावरचा हक्क सांगितला. तो हक्क जिवंत पाण्यावरचा आहे, नासवलेल्या पाण्यावरचा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बाटलीवर मेलेला मासा छापा. ओहोळापासून लांब, पंप धुण्याची सोय वाडीमालकानं स्वतःच्या खर्चानं करावी. ओहोळाच्या काठावर फवारा बंद.

मित्रांनो, झाईच्या पोरांनी आजपासून ओहोळावर नजर ठेवावी. मासा तरंगला की बोंब मारा. माशाला आवाज नाही, आपल्याला आहे.