मोटार शाबूत, स्विचचे काय?

पणदऱ्याच्या शिवारात उसाला रात्रीचे पाणी धरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: मोटार धडधाकट असली तरी स्टार्टरवरचा ऑटो स्विच अडकला, की पहाटे सरी कोरडीच. जनुकांचेही तसेच. ती चालू-बंद करणारी प्रथिने डीएनएवर ठरावीक जागी बसतात. त्या जागेतले एक अक्षर बदलले, तर प्रथिनाची पकड सैल किंवा घट्ट होते आणि जनुक शाबूत असूनही आजाराचे पारडे हलते.

विदर्भ आणि नंदुरबारमधला सिकलसेल हा याचा बोलका दाखला. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. इथे मूळ बिघाड मोटारीतच आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तरीही बिघाड तोच असलेल्या दोघांपैकी एक जण वेदनेने वारंवार दवाखान्यात भरती होतो, तर दुसऱ्याचे बऱ्यापैकी निभते.

कारण स्विचमध्ये आहे. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळपास बंद होते. ते बंद करणाऱ्यांत मुख्य म्हणजे बीसीएल११ए हे प्रथिन. त्याच्याही जनुकाला चालना देणारा एक तुकडा आहे. काही माणसांत त्या तुकड्यातले अक्षर असे बदललेले असते, की गाटा-१ हे प्रथिन तिथे नीट बसत नाही. बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे दाखवले. बीसीएल११ए कमी, म्हणून बाळपणीचे हिमोग्लोबिन जास्त, म्हणून त्रास कमी. भारतीय रुग्णांत गॅमा-ग्लोबिन जनुकाच्या तोंडाशीच असा आणखी एक बदल सर्रास आढळतो. त्यावरून 'आपला सिकलसेल सौम्य' असा समज पसरला. पण नागपुरात जन्मापासून देखरेखीखाली असलेल्या मुलांतही गंभीर त्रास दिसला आहे. तेव्हा तो समज सोडलेला बरा.

ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिलेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती बीसीएल११ए ला चालना देणाऱ्या त्याच तुकड्यातली गाटा-१ बसण्याची एक जागा कापते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. गडचिरोलीच्या पाड्यावर हा आकडा उच्चारणेही क्रूर वाटेल.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले, तपासणीचा निकाल सांगणारी कार्डेही वाटली जातात. लग्नाआधी कार्डे जुळवून पाहावीत, हे योग्यच. पण ज्याला आजार आहे त्याचे काय? बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध आपल्याकडे आहे. ते नियमित रक्ततपासणीसह, एकही महिना खंड न पडता, प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाले पाहिजे. मोहिमेचा हिशेब वाटलेल्या कार्डांवर नव्हे, तर किती रुग्णांना हे औषध वर्षभर मिळाले यावर मागायला हवा.