हरणं आणि रोही पिकात का घुसतात?

सोयाबीनला कोवळी पानं फुटली की नांदेड-लातूरच्या शिवारात काळवीट आणि रोह्यांचे कळप उतरतात. शेंडे खुडले गेले तर दुबार पेरणीची वेळ येते, म्हणून शेतकरी रात्री जागल करतात. पण हे प्राणी येतात कुठून?

काळवीट दाट जंगलात राहत नाही. मोकळ्या माळावर धोका लांबून दिसतो आणि वेगाने पळता येतं, हेच त्याचं संरक्षण. माळ नांगरले गेले, तिथे आता पीक उभं आहे. त्याची शिकार करणारे लांडगेही कमी झाले.

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी हे भारतातलं सर्वात मोठं कुरंग. नर २०० किलोंपेक्षा जास्त भरू शकतो. गवत, झाडपाला, पीक सगळंच चालतं आणि जुळी पिल्लंही सर्रास होतात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे शिकार हा गुन्हा. नुकसान झाल्यास वनविभागाकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो.

भरपाईने एक हंगाम सावरतो. कळपांना चरायला माळ लागतो आणि सरकारी नोंदीत तो अनेकदा ‘पडीक’ ठरतो.