बिब म्हणजे सिनेमाचं तिकीट नव्हे

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आता जानेवारी जवळ आला की एक संवाद हमखास कानावर पडतो : "माझा गुडघा दुखतोय, माझं बिब लावून तू पळ. पैसे कशाला वाया घालवायचे?"

मंडळी, लोकांना यात मदत दिसते, मला लबाडी दिसते.

बिबाशी रक्तगट, आजारपणं आणि घरच्यांचा फोन नंबर जोडलेला असतो. पळणारा चक्कर येऊन पडला, तर फोन जाणार भलत्याच घरी, आणि डॉक्टरांना कळणार भलत्याच माणसाचे आजार!

शिवाय चिपची वेळ वयोगटात मोजतात. साठीच्या काकांच्या नावावर पंचविशीचा पुतण्या पळाला, की वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या कुणा आजोबांचा क्रमांक घसरतो.

पैसे बुडतात, हे खरं. आयोजकांनी मुदतीत रीतसर नावबदल करून द्यावा, अशी मागणी जरूर करा. माझी सही पहिली. पण तोवर क्लबांनीच ठणकावून सांगावं : बिब दिलं-घेतलं, तर वर्षभर क्लबचा टी-शर्ट नाही.

दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणाऱ्याला आपण डमी म्हणतो. मग इथेच त्याला दोस्ती का म्हणायचं?