हिरा की पेन्सिल?

गेल्या रविवारी आम्ही दोघं दादरला अंगठी बघायला गेलो होतो. साखरपुडा महिन्यावर आलाय आणि बजेट कधीच कोलमडलंय. काउंटरवरचा टायवाला म्हणाला, "सर, हिऱ्यात कार्बनचे सगळ्यात घट्ट बॉण्ड असतात. म्हणून तर प्रेमाचं प्रतीक!"

झालं! एक्सेलच्या शीट्सखाली गाडला गेलेला माझ्यातला बीएस्सी केमिस्ट्रीवाला खडबडून जागा झाला. "तुमच्या खिशातल्या पेन्सिलीतले बॉण्ड याहून आखूड आणि घट्ट आहेत," मी म्हणालो. हिने जोरात चिमटा काढला.

पण मंडळी, ते खरंच आहे. दोन अणू जितके जास्त इलेक्ट्रॉन शेअर करतात, तितके जवळ ओढले जातात. या शेअरिंगचं माप म्हणजे बॉण्ड ऑर्डर. दोन कार्बनमधला सिंगल बॉण्ड १५४ पिकोमीटर (मीटरचे लाख कोटी तुकडे करा, त्यातले १५४), डबल १३४, ट्रिपल १२०. बॉण्ड दुप्पट झाला म्हणून अंतर निम्मं होत नाही. आधी २० ने घटतं, मग फक्त १४ ने. कारण दुसऱ्या-तिसऱ्या बॉण्डची पकड पहिल्याइतकी नसते आणि फार जवळ आलं की अणुकेंद्रं एकमेकांना मागे ढकलतात. (यावर कॉमेंट नाही. ही हा कॉलम वाचते.)

हिऱ्यात प्रत्येक कार्बनला चार शेजारी, प्रत्येकाशी एकेक सिंगल बॉण्ड. ऑर्डर १, अंतर १५४. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये शेजारी तीनच, म्हणून चौथा बॉण्ड तिघांत वाटला जातो. ऑर्डर १.३३, अंतर १४२! मग पेन्सिल झिजते का? कारण ही गट्टी एकाच थरापुरती. दोन थरांत ३३५ पिकोमीटरचं अंतर, तिथे नुसतीच तोंडओळख. थर घसरतात, अक्षर उमटतं. हिऱ्याची पकड चहूबाजूंनी, म्हणून तो कठीण.

हे सगळं मी हिला दुकानातल्या सोफ्यावर बसून, त्याच्याच पेन्सिलीने, त्याच्याच ब्रोशरच्या मागे काढून दाखवलं. ही शांतपणे ऐकत होती.

"अरे, चोवीस महिन्यांचा ईएमआय झेपणार नाही, असं सरळ सांग ना."

मी गप्प. बॉण्डवरून नव्हे, प्राइस टॅग बघूनच माझं डोकं फिरलं होतं, हे हिला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं.

साधी सोन्याची अंगठी घेतली. ब्रोशर हिने पर्समध्ये ठेवलंय. पेन्सिल मात्र चुकून माझ्याच खिशात आली.