हरणाने खाल्लेला मका आणि अडीचशे शब्दांचा ठराव

रानडुकरांनी मका लोळवला, पंचनामा झाला, भरपाईची फाइल वर गेली आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मका उत्पादकाचीही अशीच रड आहे; तिथे डुकरांऐवजी हरणे आणि क्रौंच पक्षी. मात्र ‘नियम बदला’ असे म्हणायला त्याच्याकडे ठरलेली जागा आणि ठरलेला महिना आहे.

विस्कॉन्सिन कॉन्झर्व्हेशन काँग्रेस ही संस्था १९३४ पासून आहे. राज्यातल्या ७२ काउंट्यांतून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) प्रत्येकी ५, असे ३६० प्रतिनिधी शिकार व मासेमारीच्या नियमांबाबत राज्याच्या नैसर्गिक संसाधन मंडळाला सल्ला देतात. दर एप्रिलमध्ये सगळ्या काउंट्यांत एकाच वेळी सुनावणी होते. तिथे सामान्य नागरिक ठराव मांडू शकतो.

ठरावाचे नियम कडक आहेत. २५० शब्दांच्या आत लिहायचे. प्रश्न राज्यभराचा हवा, सध्याचा कायदा विचारात घेतलेला हवा आणि नेमके काय करायचे ते स्पष्ट हवे. ‘आमच्या शिवारात हरणे फार झालीत, बंदोबस्त करा’ ही तक्रार झाली. ‘अमुक नियमात अमुक बदल करावा, कारण असे’ हा ठराव. ठराव काउंटीत मंजूर झाला तरी पुढे समिती, वार्षिक अधिवेशन आणि बहुधा पुढच्या एप्रिलचे राज्यभरातले मतदान असतेच. एखादे वर्ष सहज जाते.

शिवाय हा शेवटी सल्लाच. २००५ मध्ये मोकाट मांजरांचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव ६,८३० विरुद्ध ५,२०१ मतांनी मंजूर झाला. राज्यपाल जिम डॉयल यांनी विरोध केला आणि त्याचा कायदा झालाच नाही.

शेतकऱ्याची खरी अडचण वेगळी आहे. या सभांना गर्दी शिकाऱ्यांची. त्यांना हरणे भरपूर हवीत, शेतकऱ्याला कमी. म्हणूनच २०१४ पासून काउंटी पातळीवर हरणांसाठी ज्या सल्लागार समित्या झाल्या, त्यांत शेतीसाठी वेगळी जागा ठेवली, हे मला महत्त्वाचे वाटते. हरीण, अस्वल, रानटी टर्की आणि हंस यांनी केलेल्या नुकसानीची भरपाईही मिळते, पण जमीन शिकाऱ्यांना खुली ठेवण्याच्या अटीवर.

क्रौंच मात्र या यादीत बसत नाही, कारण त्याच्या शिकारीचा हंगामच नाही. हा पक्षी नुकता उगवलेला मका उपटून दाणा खातो. बियाण्याला चव बिघडवणारे अँथ्राक्विनोन लावले की तो दाणा सोडतो, पण तो खर्च शेतकऱ्याचा. २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने या प्रश्नावर अभ्यास समिती नेमली. क्रौंच स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्याखाली येतो, त्यामुळे नुसत्या राज्याच्या ठरावाने शिकार सुरू होणार नाही. तरी नुकसानीचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, हेही थोडे नाही.

आपल्याकडे अशी काँग्रेस नाही. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. शेतकऱ्याच्या हातात आहे ती ग्रामसभा. तिथला ठराव योग्य दारी जायला हवा. रानडुकराला किंवा नीलगायीला ‘उपद्रवी’ जाहीर करण्याचा अधिकार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ६२ नुसार केंद्राचा आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देण्याचा अधिकार कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा. दोन्ही मागण्या एकाच ठरावात कोंबल्या तर फाइल कुणाच्या टेबलावर जायची हेच ठरत नाही.

कृषी सहायकांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी एवढे करावे: गट क्रमांक, पीक, नुकसानीची तारीख, किती गुंठे गेले आणि पंचनामा झाला की नाही, अशी एका पानाची यादी तयार ठेवावी. ठराव लिहिताना मागणी पहिल्या दोन ओळींत यावी, यादी खाली जोडावी. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.