अर्धच्छेदाची किल्ली



मागील आठवड्यात अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने वही पुढ्यात ठेवली. "आजोबा, अज्ञात राशी घातांकात जाऊन बसली की मला काही सुचत नाही. गणित विषय सोडावा म्हणते." उदाहरण असे होते : २ चा क्ष घात गुणिले ४ चा य घात बरोबर २५६, आणि ८ चा क्ष घात भागिले २ चा य घात बरोबर ८.

मी तिला आचार्य वीरसेनांच्या 'धवला' टीकेतील 'अर्धच्छेद' ही संज्ञा सांगितली. ही टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाल्याचे मानतात. तिचा पहिला मुद्रित खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून निघाला. एखादी संख्या १ उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ८ चे ३, २५६ चे ८. गुणाकारात अर्धच्छेदांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी. आज आपण यालाच २ पाया असलेला लॉगरिथम म्हणतो.

आता दोन्ही समीकरणांचे अर्धच्छेद घ्या. ४ चे अर्धच्छेद २, म्हणून पहिले समीकरण होते : क्ष + २य = ८. दुसरे : ३क्ष − य = ३. दुसऱ्यावरून य = ३क्ष − ३. ही किंमत पहिल्यात ठेवता ७क्ष = १४; म्हणून क्ष = २ आणि य = ३. ताळा पाहा : ४ × ६४ = २५६; ६४ ÷ ८ = ८.

नातीचा चेहरा उजळला आणि त्या उत्साहात तिने पुढच्याच उदाहरणात चूक केली. २ चा क्ष घात अधिक ३ चा य घात बरोबर १७. त्यांतील पहिल्यातून दुसरा वजा केल्यास −१. तिने येथेही अर्धच्छेद घ्यायला सुरुवात केली. परंतु बेरजेचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज नव्हे : ४ + ४ = ८ चे अर्धच्छेद ३ आहेत, ४ नव्हेत. येथे संपूर्ण घातालाच एक राशी मानावे. अ + ब = १७, अ − ब = −१; म्हणून अ = ८, ब = ९. यावरून क्ष = ३, य = २.

पूर्वाचार्यांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण नियम कोठे लागतो आणि कोठे लागत नाही, हा विवेक सुटला तर तो अभिमान उत्तरपत्रिकेत कामी येत नाही. नातीने विषय सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

घरातील मुलांसाठी : ३ चा क्ष घात गुणिले ९ चा य घात बरोबर २४३, २७ चा क्ष घात भागिले ३ चा य घात बरोबर ३. येथे निम्मे न करता तीनने भागत जावे. धवलेत यालाच 'त्रिकच्छेद' म्हटले आहे. उत्तर काढल्यावर ताळा घेण्यास विसरू नये.