गीत संस्थेचे, कंठ कुणाचा?

संस्थेला पंचवीस वर्षे झाली की स्मरणिका निघते, सभागृहाला नवा रंग लागतो आणि अलीकडे त्यांच्या जोडीला ‘संस्थागीत’ही सिद्ध होते. मलकापूर-खामगावपासून चिखली-मेहकरपर्यंत शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि वाचनालये यांचे जाळे विणले गेलेल्या बुलढाणा जिल्ह्यात तर कोणत्या ना कोणत्या कार्यकारिणीपुढे हा विषय येतच असतो. कवीच्या हाती संस्थापकांचे नाव, ब्रीदवाक्य आणि शाखांची यादी दिली जाते; शहरातल्या ध्वनिमुद्रणगृहात वाद्यमेळ जमतो. वर्धापनदिनी ध्वनिक्षेपकावरून गीत दणाणते, पण समोर बसलेल्यांपैकी एकाचेही ओठ हलत नाहीत. पुढच्या वर्षी तो पेनड्राइव्हच सापडत नाही!

योग्य गीत कोणते, याचा विचार विदर्भाच्याच भूमीत एकदा फार गांभीर्याने झाला होता. फेब्रुवारी 1939 मध्ये वर्धा जिल्ह्यातील सिंदी येथे डॉ. हेडगेवारांच्या उपस्थितीत जी बैठक झाली, तिच्यापुढे प्रार्थनेचाही विषय होता. संघाची तोवरची प्रार्थना अर्धी मराठी, अर्धी हिंदी होती. कार्य प्रांताबाहेर पसरू लागले होते. कोणा एका प्रांताची नसलेली आणि तरी सर्वांना आपली वाटणारी भाषा हवी होती. म्हणून संस्कृतची निवड झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रथम आशय ठरला. नानासाहेब टालाटुले यांनी तो मराठी गद्यात मांडला, नरहरी नारायण भिडे यांनी त्याला संस्कृत वृत्तात बसवले आणि 1940 मध्ये यादवराव जोशी यांच्या कंठातून ती प्रार्थना स्वयंसेवकांपर्यंत पोहोचली. तिच्यात कोणा व्यक्तीचे नाव नाही, शाखांची मोजदाद नाही. रोज म्हणायची असल्याने ती पाठ झाली; पाठ झाल्याने टिकली.

राज्यगीताची कथा नेमकी उलट आहे. नागपूरचे राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज यांतून साकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ जनतेने आधी उचलले. शासनाचा शिक्का 19 फेब्रुवारी 2023 रोजी, राज्यस्थापनेला बासष्ट वर्षे उलटून गेल्यावर बसला. अधिकृत गायनासाठी त्यातील दोनच चरण घेण्यात आले. कवितेवर कात्री चालणे रसिकाला खटकते. पण शाळेच्या परिपाठात मुलांना सावधान स्थितीत उभे राहून गायचे गीत दोन मिनिटांच्या आत संपावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

आमच्या भागाचे नाव गीतात कुठे आहे, हा आक्षेप प्रत्येक निवडीच्या वेळी येतो. राज्यगीताच्या मूळ कवितेत नद्यांची नावे आहेत, त्यांत पैनगंगा नाही, खडकपूर्णाही नाही. परंतु बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा पुढे वर्धेला, म्हणजे गीतातल्या वरदेलाच मिळते आणि खडकपूर्णेचे पाणी अखेर गोदावरीत जाते. गीत म्हणजे नकाशा नव्हे. एकेका तालुक्याची सोय लावत गेलेले गीत शेवटी ग्रामपंचायतींची सूची होऊन बसते.

आणि बाहेरून कवी आणण्याची धावपळ तरी कशासाठी? सिंदखेडराजा येथे 1909 मध्ये जन्मलेले ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करीत राहिले. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेतून मराठी घराघरांत गेली आणि 1986 मध्ये ‘खूणगाठी’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मेहकर सोडावे लागले नाही. त्यांनी संस्थागीते लिहावीत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तो त्यांचा पिंडच नव्हे. पण जिल्ह्याच्या बोलीत, इथल्या ओव्यांत आणि भजनी मंडळांच्या चालींत गीताचे द्रव्य पुरेसे आहे. मराठी शाळेत हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर बेतलेले ‘आमची संस्था महान’ ऐकवण्यापेक्षा एखाद्या जाणत्या शिक्षकाने भजनाच्या सरळ ठेक्यावर बांधलेल्या आठ ओळी केव्हाही सरस.

तेव्हा गीत मंजूर करण्यापूर्वी कार्यकारिणीने ते ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकूच नये. पाचवीच्या वर्गाला चार दिवस शिकवावे आणि पाचव्या दिवशी पेटी-तबल्याविना, मोकळ्या मैदानावर म्हणायला लावावे. मुले अडखळली तर शब्द बदलावेत, मुले नव्हेत.